बाईंच्या यंत्रावरची लाख

बुलढाण्यात चिखली रस्त्याकडच्या वसाहतीत भालचंद्र नीळकंठ देऊळगावकर यांचे घर विचारले, तर कोपऱ्यावरचा पानवाला हाताने दिशा दाखवत नाही. "सरळ जा, जिथून टकटक ऐकू येईन तिथं थांबा," एवढेच सांगतो. पाहुणा सकाळी आला असेल, तर ही खूण पुरेशी असते. चहा आटोपला, तुळशीला पाणी घालून झाले, की भालचंद्रराव इस्त्रीचा सदरा घालून बाहेरच्या खोलीत टंकलेखन यंत्रासमोर बसतात. सदरा घालूनच बसतात. बनियनवर यंत्राला हात लावणे त्यांना अप्रशस्त वाटते.

पाटबंधारे विभागातून मुख्य लिपिक म्हणून ते निवृत्त झाले, त्याला आता बरीच वर्षे लोटली. कार्यालयात संगणक आले तेव्हा त्यांनी नाक मुरडले नाही. रीतसर शिकून घेतले आणि सहकाऱ्यांनाही शिकवले. मात्र जुनी यंत्रे निर्लेखनाच्या, म्हणजे बाद मालाच्या, ढिगात जाऊन पडली, तेव्हा त्यांना राहवले नाही. लिलावात भंगारवाल्याशेजारी उभे राहून त्यांनी आपल्याच टेबलावरचे गोदरेज सोडवून आणले. तो प्रारंभ. पुढे हल्दा आले, फॅसिट आले, लोणारच्या एका छायाचित्रकाराच्या दुकानातून सुटकेसमध्ये मावणारे छोटे ऑलिव्हेट्टी आले. उंद्री हे त्यांचे मूळ गाव. तिथल्या एका गोदामात सरकीच्या पोत्यांवर दाब म्हणून ठेवलेले एक यंत्र त्यांना सापडले. ते चालू व्हायला एक पावसाळा आणि एक हिवाळा लागला.

यंत्रांची दुरुस्ती त्यांनी जानरावांकडून उचलली. जानराव हे खामगावचे मेकॅनिक. चामडी पिशवी घेऊन कचेऱ्या-कचेऱ्यांतून फिरत. आज ते हयात नाहीत, पण स्क्रू काढताना त्यांचे वाक्य भालचंद्ररावांच्या ओठांवर येतेच: "काढाले अक्कल लागत नाई साहेब, ठेवाले लागते." म्हणून काढलेला प्रत्येक स्क्रू निघालेल्या क्रमाने शरयूताईंच्या इडलीपात्राच्या वाट्यांत जातो. घरात इडली करायची झाली, तर दोन दिवस आधी पूर्वसूचना द्यावी लागते.

"अहो, पात्र मोकळं कधी होणार?"

"कॅरेज बसलं की."

"मग उपमाच करते. तुमचं कॅरेज बसेपर्यंत तांदूळ आंबून आंबून दारू होईल."

शरयूताई बोलतात अशा. पण प्रत्येक यंत्राला जुन्या लुगड्यांच्या काठापदराची झालर लावलेली गवसणी त्यांनीच शिवली आहे.

भालचंद्रराव खोलीत न चालणारे यंत्र ठेवत नाहीत. जे चालते त्याने काम केले पाहिजे, हा दंडक. आठवड्याच्या वारांप्रमाणे यंत्रांना पाळ्या लावलेल्या आहेत. वसाहतीच्या सूचना, भाच्यांना आशीर्वाद, पाण्याच्या टाकीविषयीची पत्रे, इतकेच काय पण वाण्याची यादीसुद्धा यंत्रावर होते आणि तीही कार्बन लावून. मूळ प्रत गोकुळ किराणावाल्याकडे जाते, दुसरी घरी राहते. पावशेर जिऱ्याला कार्यालयीन प्रत कशाला, हा शरयूताईंचा प्रश्न अद्याप अनुत्तरित आहे.

आणखी एक रीत त्यांनी स्वतःच घालून घेतली होती. एखादे यंत्र घरी आणण्यापूर्वी त्याच्या मालकाकडून त्याच यंत्रावर एक पान टंकित करून घ्यायचे. काय लिहायचे ते मालकाने ठरवावे. कोणी आपला पत्ता लिहिला, कोणी गणपतीचे नाव, एका वकिलाने तर सवयीने अर्धे प्रतिज्ञापत्र लिहून टाकले. ते पान यंत्राच्या गवसणीत राहते. "मुलगी आणताना मुलीच्या माणसांचं तोंड पाहून घ्यावं," असे त्याचे समर्थन.

इतकी यंत्रे झाली, तरी मधल्या फळीवर एक जागा त्यांच्या नजरेला रिकामीच दिसे. ती जागा बाईंच्या रेमिंग्टनची.

बाई म्हणजे नांदुऱ्याच्या सत्यभामाबाई राखोंडे. स्टेशनकडून बाजारात येणाऱ्या गल्लीत त्यांच्या यजमानांनी टायपिंगची संस्था काढली आणि ती मूळ धरते न धरते तोच ते गेले. बाईंनी पदर खोचला आणि संस्था चालवली. मोताळा, मलकापूर, जळगाव जामोद अशा कुठल्याही कचेरीत जा, ताठ बसून टंकन करणारा लिपिक दिसला, तर तो बाईंच्या हाताखालून गेलेला, असे खुशाल समजावे. बाईंचा कायदा एकच होता: कळांकडे पाहायचे नाही. नव्या विद्यार्थ्याच्या हातांवर पुठ्ठ्याचे झाकण येई. झाकणाखालून डोकावणाऱ्याच्या पाठीवर लाकडी पट्टी येई.

अकरावीची परीक्षा देऊन भालचंद्र नावाचा सडपातळ मुलगा उंद्रीहून मामाकडे नांदुऱ्याला आला, तो याच झाकणाखाली शिकला. खिडकीजवळचे काळे रेमिंग्टन त्याच्या वाट्याला आले. त्याच्या कळा जड, पण टाइप असा खणखणीत की कागदाच्या मागच्या बाजूला हात फिरवला तरी अक्षर लागावे. नोकरीच्या चाचणीत बाजूच्या उमेदवारांची बोटे अडखळत होती, तेव्हा भालचंद्रची बोटे त्या जड कळांवर तयार झालेली होती. नोकरी, घर, मुलांची शिक्षणे हे सारे त्या यंत्रातून बाहेर आले, असे ते मानतात. संग्रह वाढू लागल्यावर ते यंत्र मागायला गेले तेव्हा बाईंनी त्यांना चहा पाजला, पोहे खाऊ घातले, आणि सुनेसमोर शब्द दिला.

"माह्या हात चालते तवरी मशीन माह्यं. हात थांबला का तुह्यं. मंधात विचारू नोको."

टंकलेखनाच्या परीक्षा संगणकावर गेल्या, बाईंची संस्था बंद झाली, बाकीची यंत्रे विकली गेली. खिडकीजवळचे मात्र राहिले, आणि बाईंचा हातही चालत राहिला. त्या रेल्वेला अर्ज लिहीत. फलाटावरच्या नळाला पाणी नाही, तिसऱ्या बाकाची फळी निघाली, अमुक गाडी थांबत नाही. प्रत्येक अर्ज निर्दोष, समास सोडून, खाली सहीची जागा राखून लिहिलेला. नळाला पाणी येई. गावात म्हणत, बाईंच्या अर्जाचा आवाज इंजिनापेक्षा मोठा.

गेल्या थंडीत यंत्राचे कॅरेज, म्हणजे कागदाचा सरकता रूळ, ओढणारा पट्टा तुटला. बाईंची सून वंदना हिने फोन केला, आणि भालचंद्रराव त्याच दिवशी नांदुऱ्याला पोचले. यंत्र चादरीत बांधून त्यांनी एसटीत खिडकीची जागा दिली आणि स्वतः कडेला बसले. वाहकाने गाठोड्यावर बोट टेकवले.

"काका, हे काय? शिलाई मशीन?"

"टंकलेखन यंत्र. मराठी."

"मराठी? म्हंजे हे बोलते?"

"तुमच्यापेक्षा कमी," भालचंद्रराव म्हणाले, आणि राजूर घाट येईपर्यंत गाडी हसत होती.

पट्टा बसवायला एक दुपार पुरली असती. पण यंत्र घरात आल्यावर भालचंद्ररावांना ते तसेच परत पाठववेना. त्यांनी ते पुरते उकलले. टाइपांच्या पोटात साचलेली शाई टाचणीने काढली, दांड्या पेट्रोलने धुतल्या, काळ्या अंगावर मऊ फडके फिरवले. कळांवर कुणीतरी चिकटवलेले तपकिरी कडक थेंब होते. काही मोठे, काही मोहरीएवढे. कागद बसवायच्या पट्टीवर एक मळका दोरा गाठी मारून बांधलेला होता. इतक्या वर्षांतल्या पोरांपैकी कोणा वाह्यात पोराचे काम असणार, असे मनाशी म्हणत त्यांनी थेंब नखाने खरवडले, उरलेले स्पिरिटने पुसले, दोरा कापून टाकला. इडलीपात्राच्या वाट्या एकेक करून रिकाम्या झाल्या. यंत्र असे झाले, की शरयूताईंनी त्यात पाहून कपाळावरची टिकली सारखी केली.

ते परत नेऊन दिले तेव्हा बाईंनी त्यावरून दोन्ही तळहात फिरवले. बराच वेळ फिरवले.

"गुळगुळीत केलं तू."

"हो बाई. आरशासारखं."

"हाव," बाई म्हणाल्या. "आरशासारखंच."

एवढ्या मोठ्या कामाला एवढीच दाद का, हे भालचंद्ररावांना उमगले नाही. बाई कौतुकाच्या बाबतीत पहिल्यापासून काटकसरी, असा त्यांनी अर्थ लावला.

पंधरवडा उलटला नसेल, तोच वंदनाचा फोन आला.

"काका, आई म्हनतात, मशीन घेऊन जा."

"का? परत बिघडलं?"

"नाई. मशीन चांगलं हाय. म्हनतात, हात थांबला."

भालचंद्ररावांनी फोन ठेवला आणि ते खुर्चीत बसले. मग उठले आणि मधल्या फळीवरचे हल्दा खालच्या फळीवर नेऊ लागले. आनंद झाला होता हे खरे, आणि त्या आनंदाची लाज वाटत होती हेही खरे. शरयूताई दारात उभ्या राहून पाहत होत्या.

"बाईंना बरं नाही का?"

"वय झालं आता त्यांचं."

"गेल्या महिन्यात नव्हतं झालं?"

भालचंद्ररावांनी हल्दा जरा जास्तच जोरात खाली टेकवले.

दुसऱ्या दिवशी ते चादर आणि सुतळी घेऊन नांदुऱ्याला गेले. बाईंच्या माजघरात यंत्र पाटावर ठेवलेले होते आणि त्याच्यापुढे तबक होते. बाईंनी त्याला हळदकुंकू वाहिले होते, हार घातला होता, आणि कॅरेजवर खण पसरून त्यात नारळ व तांदूळ घालून चक्क त्याची ओटी भरली होती.

"बाई, तांदूळ," भालचंद्रराव धावलेच. "तांदूळ आत गेले तर दांड्या अडकतील."

"मंग काय, माह्या घरून कोरडीच पाठवू तिले?" बाई म्हणाल्या. "वंदना, उचल ते तांदूळ. जावई लय कडक हाय."

वंदनाने हसत तांदूळ वेचले. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. स्वच्छ नऊवारी, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, मांडीवर रिकामे हात. ते हात रिकामे भालचंद्ररावांनी कधी पाहिले नव्हते. सुतळी सोडता सोडता त्यांना आपली रीत आठवली.

"बाई, न्यायच्या आधी एक पान तुमच्या हातचं हवं. प्रत्येक यंत्राबरोबर घेतो मी."

"काय करतं पान घेऊन? इतके अर्ज गेले माह्ये, मांग त्या रेल्वेवाल्यायले."

"रीत आहे बाई."

"रीत," बाई स्वतःशी म्हणाल्या. रीत हा शब्द त्यांच्याच घरचा. त्यांना तो मोडता येईना. वंदनाने यंत्र टेबलावर ठेवले. बाई खुर्चीवर बसल्या, पाठ ताठ. त्यांनी कागद रुळात सारला. तो तिरका गेला. त्यांनी पट्टीवर बोट फिरवले, काहीतरी चाचपले, आणि कागद तसाच राहू दिला. मग दोन्ही हात कळांवर आले.

भालचंद्रराव बोटांकडे पाहत होते. बाईंच्या वर्गात हे कधी करता आले नव्हते. दोन्ही तर्जनी कळांवरून हलक्या फिरल्या, थांबल्या, पुन्हा फिरल्या. पडलेल्या दाताच्या जागी जीभ पुन्हा पुन्हा जाते तशा. उजवी तर्जनी "र"वर यायला हवी होती. ती त्याच्या शेजारच्या कळेवर बसली, आणि तिच्यामागून सारा हात एकेक घर सरकून बसला. मग बाईंनी टंकन सुरू केले. वेग तोच होता. घंटी वाजली, कॅरेज सरकले, दुसरी ओळ. आवाज ऐकून कोणीही म्हटले असते, की बाईंचा हात जसा होता तसाच आहे.

"कसं आलं?" बाईंनी विचारले. त्यांचे तोंड खिडकीकडे होते.

कागदावर तिरक्या दोन ओळी होत्या. त्यांत एकही शब्द नव्हता. अक्षरांमागे अक्षरे, काने, मात्रा, सारे स्वच्छ, ठसठशीत आणि निरर्थक.

छान आले, असे म्हटले असते तर ते खोटे पकडणारी फक्त वंदना होती, आणि ती चुलीकडे वळली होती. चादर पसरलेली होती. सुतळी हातात होती. शब्द बाईंनी दिलेला होता आणि तो त्यांनी स्वतःहून पाळला होता. भालचंद्ररावांच्या डोळ्यांपुढे मधल्या फळीवरची मोकळी जागा आली. तिच्या पाठोपाठ आपले नखही आले, "र"च्या कळेवरचा तपकिरी थेंब खरवडणारे.

"बाई," ते म्हणाले, "'र'वर काही होतं का?"

"कायचं काय?"

"तपकिरी. कडक. चार-पाच ठिकाणी होतं."

"काई नोयतं."

"काही नव्हतं, तर मी काय खरवडलं?"

बाईंनी हात मांडीवर घेतले. "घान असन. घान दिसली, तू काढली. बरं केलं. आता बांध मशीन, तुह्यी गाडी जाईन."

"लाख होती ती. विळ्याची मूठ बसवतात ती."

चुलीकडून वंदना पुढे आली. तिने कागद पाहिला, मग सासूकडे पाहिले. तिचा हात पदराकडे गेला.

"आई, तुमाले दिसत नाई?"

"दिसते ना. उजेड दिसते. तू आली का पातळाचा रंग दिसते. आज हिरवं नेसली तू."

"निळं हाय आई."

"मंग निळं," बाई म्हणाल्या. "तेवढ्यासाठी कोनी आंधळं नाई होत."

"पन तुमी त परवापरवापर्यंत अर्ज लिवत होत्या. येक चूक नाई त्याच्यात."

"त्याले कायले डोळे लागते? चाळीस वर्सं पोरायले काय शिकवलं मी? पाहू नोका, पाहू नोका. मी पाहत नोयती म्हनून कोनाले कळलंई नाई." बाई थोडे हसल्या, पण ते हसू टिकले नाही. "घर सापडलं पायजे बोटाले, तेवढंच. येकदा घर सापडलं का बोटं जातात आपल्या वाटेनं. लाख पातळ केली अन् लावली मीच. बोट पोळलं त चुन्यात बुडवलं. तुले सांगतलं, तूप सांडलं."

वंदना खाली बसली. "मले म्हनल्या असत्या त मी लावून देल्ली असती."

"तुले कायले सांगू? सारी उमर दुसऱ्याच्या पाठीवर पट्टी मारली, अन् आता म्हातारपनी कळेवर टेकू लावून बसली म्हनून सांगू?"

भालचंद्ररावांनी सुतळी गुंडाळून खिशात टाकली. व्यवस्थित वाक्य तयार झाल्याशिवाय बोलायची त्यांना सवय नव्हती. आज ते तसेच बोलले.

"बाई, मी यंत्र नेत नाही."

"शब्द देल्ला मी तुले."

"हात थांबला तर, असा शब्द होता. हात थांबला नाही. मी थांबवला."

"अन् मी लाख लावू नोको म्हनलं त?"

"तर मी लावतो आणि जातो. तुम्ही मग खरवडा."

गल्लीतून हातगाडी गेली. वंदनाने डोळे पुसले ते पदराने नव्हे, मनगटाने. तिचे हात पिठाचे होते.

"नुकसान तुह्यं हाय याच्यात," बाई म्हणाल्या.

"आहे," भालचंद्रराव म्हणाले. खोटे बोलणे त्यांना जमत नसे.

लाख घरातच होती; विळ्याच्या मुठीसाठी आणलेला खडा वंदनाने चुलीवरच्या कोनाड्यातून काढून पळीत पातळ केला. दोन तर्जनींच्या घरांवर ठिपके द्यायचे, हे सोपे होते. अडचण पुढे आली. बाकीचे थेंब कुठे होते? यंत्रातला प्रत्येक स्क्रू कुठून निघाला आणि कुठे बसला, हे भालचंद्रराव झोपेतून उठवले तरी सांगतील. पण घाण कुठे होती, हे कोण लक्षात ठेवतो? त्यांनी बाईंना विचारले.

"मले तोंडानं नाई सांगता येत," बाई म्हणाल्या. "बोटाले ठाऊक होतं."

"मग बोटालाच विचारू," भालचंद्रराव म्हणाले, आणि वंदनाकडे वळले. "खुंटीवरचा तो दुपट्टा दे. डोळे बांध माझे."

वंदनाने नवऱ्याचा दुपट्टा खुंटीवरून काढला आणि घट्ट बांधला. पाटबंधारे विभागाचे निवृत्त मुख्य लिपिक, इस्त्रीच्या सदऱ्यात, आंधळ्या कोशिंबिरीच्या खेळातल्या पोरासारखे डोळे बांधून बाईंच्या खुर्चीवर बसले. बाईंनी फलाटावरच्या पंख्याविषयी अर्ज सांगायला सुरुवात केली. अर्ज बाईंच्या मनात तयारच होता. पंधरवडाभर तो बाहेर पडायला वाट शोधत असावा.

अक्षरे ठीक गेली. आकड्यांच्या ओळीत हात वर गेला आणि परत येताना चुकला. "थांब," बाई म्हणाल्या. आवाजावरून त्यांना कळले होते. त्यांनी भालचंद्ररावांच्या हातावर हात ठेवला, बोट मागे नेले, पुन्हा वर नेले. "इथून वर जाताना मलेई धोका व्हाचा. इथं बारीक ठिपका होता." वंदनाने काडीच्या टोकाने लाख टेकवली. मग मधे रिकामी जागा सोडणारी लांब पट्टी. तिला काही नको. उजवीकडे अगदी टोकाला एक. "हा मोठा देजो. तिथं करंगळी असते, ती मुलखाची मठ्ठ." शेवटी कागदाच्या पट्टीवर दोरा बांधायचा होता, ती गाठ बाईंनी स्वतः मारली, दातांनी दोरा तोडून.

मग खुर्ची बदलली. बाई बसल्या. बोटे कळांवर आली, तर्जनी ठिपक्याला लागली, आणि खांदे खाली आले. या वेळी कागद सरळ होता. घंटी वाजली, कॅरेज सरकले. वंदना मागे उभी राहून ओळ उमटेल तशी मोठ्याने वाचत होती: मा. स्थानक अधीक्षक यांस, महोदय, फलाटावरील पंखा. तिने शेवटपर्यंत वाचले आणि कुठेही अडखळली नाही.

भालचंद्ररावांनी दुपट्टा सोडला. त्यांचे केस उभे झाले होते आणि ते सारखे करायचे त्यांना भान नव्हते.

"आता याचं वाच," बाई म्हणाल्या. "यानं डोळे बांधून मारलेलं."

"नाई आई, राहू द्या."

"वाच म्हनलं ना."

वंदनाने वाचले. दोन जागी तिला थांबावे लागले, आणि एका जागी तिने पदर तोंडाला लावला.

"नापास," बाईंनी निकाल दिला. "इतकी मशिनं घरात घेऊन बसला, अन् आकड्यायच्या ओळीत अंदाजानं जाते. सारी नोकरी तू चोरून पाहत होता काय बे?"

"कधीमधी," भालचंद्रराव म्हणाले.

"गुरुवारी ये. सकायच्या बॅचले, पयल्यासारखा. दुपट्टा बांधून बसवते तुले, याच मशिनवर."

"बाई, बुलढाण्याहून पहिली गाडी येईपर्यंत तुमची सकाळची बॅच संपेल."

"मंग बुधवारी मुक्कामी ये. घर काय भाड्यानं देल्लं मी? अन् शरयूलेई आन. तिले येते काय टायपिंग?"

भालचंद्ररावांनी चादर उचलली. "नाही."

"काऊन?"

"तिनं कधी विचारलं नाही."

"तू विचारलं?"

भालचंद्रराव चादरीची घडी करू लागले. कडा कडेला लावून, हळूहळू. बाई रुळातून अर्ज काढून सहीसाठी लेखणी चाचपत होत्या.

संध्याकाळी ते रिकामी चादर घेऊन घरी आले, तेव्हा शरयूताई नव्या गवसणीला झालर लावत बसल्या होत्या. त्यांनी दाराकडे पाहिले, नवऱ्याच्या मागे कोणी हमाल येतो का ते पाहिले, आणि सुई कापडात टोचून ठेवली. भालचंद्ररावांनी जे घडले ते क्रमाने सांगितले, ठिपके खरवडल्यापासून.

"आणि बाई म्हणतात, बुधवारी तुलाही घेऊन ये," ते शेवटी म्हणाले. "शिकायला."

"मला? या वयात?"

"मीही विद्यार्थीच आहे. नापास झालेला."

शरयूताईंनी आपले दोन्ही हात समोर धरले आणि सुईच्या खुणांनी भरलेली बोटे उलटसुलट करून पाहिली.

"त्या पट्टी मारतात अजून?"

"आता दिसत नाही त्यांना. मारलीच तर शेजारच्याला लागेल."

"म्हणजे तुम्हाला," शरयूताई म्हणाल्या. "मग येते."